एका बाजूचं चोंदलेलं नाक: किशोरवयातल्या अँजिओफायब्रोमाचं एक प्रकरण

हे प्रकरण एका मुलाचं आहे. त्याची ओळख पटू नये म्हणून उपचाराशी संबंध नसलेले तपशील बदलले आहेत. अँजिओफायब्रोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली नाकातली ही गाठ, दुर्मीळ असते. डोकं आणि मानेच्या एकूण गाठींमध्ये तिचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. बहुतेक फॅमिली डॉक्टरांना ती आयुष्यात एखाद्या वेळेस दिसते, अनेकांना दिसतही नाही. म्हणूनच ती कशी हुकते आणि कशी सापडते, हे टप्प्याटप्प्यानं मांडावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

मुलगा १४ वर्षांचा. उजवी नाकपुडी साधारण दहा महिन्यांपासून चोंदलेली. आधी फक्त झोपताना त्रास व्हायचा, मग दिवसभर तोंडानं श्वास घेणं सुरू झालं, घोरणं वाढलं. घरच्यांना ती सर्दी वाटली, डॉक्टरांना अ‍ॅलर्जी. त्यात वावगं काही नव्हतं, या वयात नाक चोंदण्याचं नेहमीचं कारण तेच. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झाल्या, स्टेरॉइडचा स्प्रे झाला. डाव्या नाकपुडीतून श्वास नीट चालत असल्यानं "थोडा फरक आहे" एवढंच उत्तर दर वेळी मिळत गेलं.

पाचव्या-सहाव्या महिन्यात घोळणा फुटायला लागला. पहिल्यांदा चार थेंब, मग रुमाल भिजेल इतकं. तपासणीत नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात एक फुगलेली रक्तवाहिनी दिसली आणि ती औषधानं जाळून बंद करण्यात आली. मुलांचा घोळणा बहुतेक वेळा याच जागेतून, लिटल्स एरियातून, फुटतो. त्यामुळे हा उपचारही रास्त होता. काही आठवडे रक्त आलं नाही. पुन्हा यायला लागलं तेव्हा मात्र ते नाकातून कमी आणि घशात जास्त उतरत होतं. सकाळी उठल्यावर तो काळपट गुठळी थुंकायचा. ही गोष्ट त्यानं आईला बरेच दिवस सांगितलीच नाही.

नंतर एका तपासणीत उजव्या नाकपुडीत खोलवर गुळगुळीत, लालसर गोळा दिसला. "नाकात मांस वाढलंय, छोटं ऑपरेशन करून काढून टाकू," असं ठरलं. पॉलिपची शक्यता धरली गेली. किशोरवयात एकाच बाजूला, गालाच्या सायनसमधून निघून नाकाच्या मागच्या दाराशी लोंबणारा पॉलिप होतोही. पण तो फिकट असतो आणि त्यातून असं रक्त जात नाही.

रक्त इतकं कमी का?

ऑपरेशनपूर्वीच्या नेहमीच्या तपासण्यांमध्ये हिमोग्लोबिन ८.१ आलं, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही अगदी कमी. फाइल भूलतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी मुलाला तपासलं, आईकडून पुन्हा सगळी हकिकत ऐकली आणि भूल द्यायला नकार दिला. कारण हिमोग्लोबिन कमी होतं, एवढंच नव्हतं. त्यांचा प्रश्न असा होता: "नाकातल्या पॉलिपमुळे एवढं रक्त कसं कमी होईल? हे रक्त नेमकं कुठून जातंय ते कळल्याशिवाय मी याला झोपवणार नाही."

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच. तोपर्यंत चोंदलेलं नाक एका डॉक्टरांनी पाहिलं, घोळणा दुसऱ्यांनी, गोळा तिसऱ्यांनी. प्रत्येकानं आपल्यापुरतं योग्य उत्तर काढलं होतं. किशोरवयातला मुलगा, एकाच बाजूचं वाढत जाणारं चोंदणं आणि वारंवार, न दुखता येणारं रक्त, या तीन गोष्टी एका कागदावर पहिल्यांदा भूलतज्ज्ञांनी आणल्या. त्या एकत्र आल्या की पहिला संशय ज्युव्हेनाइल नेजोफॅरिंजियल अँजिओफायब्रोमाचा घ्यायचा, हे कान-नाक-घशाच्या शिक्षणात सुरुवातीलाच शिकवलं जातं. फक्त तिन्ही एकाच वेळी समोर यावी लागतात.

ऑपरेशन रद्द झालं आणि मुलगा आमच्याकडे आला.

ही गाठ जवळपास फक्त मुलांमध्ये, म्हणजे पुरुषांमध्येच, आणि तीही बहुतेक वेळा वयाच्या दहा ते विशीच्या दरम्यान होते. ती कर्करोगाची नाही, शरीरात दूर कुठे पसरत नाही. पण साधी म्हणजे निरुपद्रवी नव्हे. नाकाच्या मागच्या बाजूच्या भिंतीत, स्फिनोपॅलेटाइन छिद्राच्या आसपास तिचं मूळ असतं. तिथून ती हाडांमधल्या नैसर्गिक वाटांनी सरकते: नाकाच्या मागच्या पोकळीत, सायनसमध्ये, जबड्याच्या स्नायूंमागे, कधी डोळ्याच्या खोबणीत, तर कधी कवटीच्या तळातून मेंदूच्या आवरणापर्यंत. तिच्यातल्या रक्तवाहिन्यांना स्नायूंचा थर नसतो. साधी रक्तवाहिनी कापली की आकसते आणि रक्त हळूहळू थांबतं. या वाहिन्या आकसू शकत नाहीत, चावी नसलेल्या नळासारख्या त्या वाहत राहतात. म्हणून ठरलेलं ते "छोटं ऑपरेशन" झालं असतं, तर पुरेशा रक्ताची सोय नसलेल्या ठिकाणी हा मुलगा जिवावरच्या रक्तस्रावात सापडला असता.

तपासणी आणि निदान

आम्ही दुर्बीण नाकात घातली, पण गाठीला स्पर्श केला नाही. ती जागच्या जागी फक्त पाहिली. लालसर करडी, गुळगुळीत, वरून बारीक रक्तवाहिन्या पसरलेली. पडद्याचा मागचा भाग तिनं डावीकडे ढकलला होता. तोंड उघडल्यावर मऊ टाळूची उजवी बाजू किंचित खाली आलेली दिसत होती. आवाज बंद नाकाचा. मानेत गाठी नव्हत्या. डोळ्यांची हालचाल आणि नजर चांगली होती. चेहऱ्यावरची संवेदनाही शाबूत होती.

दोन गोष्टी विचारल्यावर कळल्या. टीव्हीचा आवाज तो हल्ली मोठा करायचा. उजव्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं, कारण गाठीनं कान आणि घसा जोडणारी नळी दाबली होती. दुसरं, वर्षभरापूर्वीच्या फोटोशी ताडून पाहिल्यावर उजवा गाल थोडा भरलेला वाटत होता. आई म्हणाली, "मला वाटलं, अंगानं भरतोय."

काँट्रास्ट घालून सीटी स्कॅन केला. गाठ उजव्या बाजूनं नाकाच्या मागच्या पोकळीत भरलेली होती, नाकामागे खोल असलेल्या स्फिनॉइड सायनसमध्ये शिरली होती आणि बाहेरच्या बाजूला जबड्याच्या स्नायूंमागच्या जागेत पोहोचली होती. गालाच्या सायनसची मागची भिंत पुढे कमानीसारखी वाकली होती. हे चिन्ह होल्मन आणि मिलर यांनी १९६५ मध्ये वर्णन केलं आणि अजूनही स्कॅन पाहताना नजर आधी तिथेच जाते. वरच्या जबड्यामागच्या टेरिगॉइड हाडाच्या मुळाशी गाठ घुसलेली दिसत होती. पुढे महत्त्वाचा ठरणारा तपशील हाच.

एमआरआयमध्ये गाठीच्या आत काळे ठिपके आणि रेषा दिसल्या, म्हणजे वेगानं रक्त वाहणाऱ्या वाहिन्या. मेंदूचं आवरण ओलांडलेलं नव्हतं. कॅव्हर्नस सायनस, म्हणजे कवटीच्या तळाशी असलेली शिरांची पोकळी, जवळ होता, पण मधली सीमा स्पष्ट होती. गाठ किती पसरली आहे हे सांगणाऱ्या रॅडकोव्स्की यांच्या पायऱ्यांनुसार ती २-सी टप्प्यात बसत होती.

तुकडा काढायचा की नाही

निदान समजावून सांगायला बसलो तेव्हा मुलाच्या मामांनी अगदी योग्य प्रश्न विचारला: "डॉक्टर, तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर नाही हे तुम्ही कसं सांगता?"

इतर गाठींमध्ये तुकडा काढून तपासणं ही पहिली पायरी असते. इथे ओपीडीत तुकडा काढणं हाच मोठा धोका. आम्ही त्यांना असं सांगितलं: वय, मुलगा असणं, गाठीची नेमकी जागा, हाड खाण्याऐवजी हाड वाकवत वाढण्याची पद्धत आणि आत भरलेल्या रक्तवाहिन्या, हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवत असेल तर निदान स्कॅनवरच करतात. गाठ पूर्ण निघाल्यावर ती तपासायला जातेच आणि शेवटची खात्री तेव्हा होते.

मात्र हा नियम डोळे मिटून लावायचा नसतो. रुग्ण मुलगी असती, गाठ दुखत असती, मानेत गाठी असत्या, चेहरा बधिर असता किंवा डोळा वळत नसता, स्कॅनमध्ये रक्तवाहिन्यांचं हे चित्र नसतं, तर ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा (स्नायूंचा कर्करोग), लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) किंवा नाकामागच्या भागाचा कर्करोग यांचा विचार करावा लागला असता. तेव्हा तुकडा घ्यावाच लागला असता, पण ऑपरेशन थिएटरमध्ये, रक्ताची सोय करून. आम्ही या शक्यता मुद्दाम एकेक करून वगळल्या आणि तसं केसपेपरवर लिहून ठेवलं. तुकडा न घेण्याचं कारण लेखी असावं असं मला वाटतं. पुढच्या डॉक्टरांना तो राहून गेलेला वाटू नये.

मोठ्या आतड्यात असंख्य पॉलिप होण्याचा एक आनुवंशिक आजार, फॅमिलिअल अ‍ॅडिनोमॅटस पॉलिपोसिस, असलेल्या मुलांमध्ये ही गाठ जास्त आढळल्याच्या नोंदी आहेत. म्हणून घरात कुणाला लहान वयात आतड्याचा कर्करोग किंवा पॉलिप झालेत का, हेही विचारलं. तसं काही नव्हतं.

उपचाराचे पर्याय

पहिला पर्याय, काही न करता वाट पाहणं. तारुण्य ओलांडल्यावर अशा गाठी आपोआप आक्रसल्याची उदाहरणं आहेत आणि इंटरनेटवर ती वाचून वडील आशेनं आले होते. पण हा मुलगा १४ वर्षांचा, गाठ वाढती, हिमोग्लोबिन ८ आणि पुढची वाट डोळ्याकडे जाणारी. पाच-सहा वर्षं थांबणं शक्य नव्हतं.

रेडिओथेरपीनं ही गाठ आटोक्यात येते. ३० ते ३६ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) इतका डोस त्यासाठी वापरला गेला आहे. पण वाढत्या वयात कवटीच्या तळाशी किरण देणं म्हणजे चेहऱ्याच्या हाडांची वाढ, पिट्युटरी ग्रंथी, डोळ्याचं भिंग आणि बऱ्याच वर्षांनी त्याच जागी होऊ शकणारा खराखुरा कर्करोग, असे सगळे धोके पत्करणं. जिथे शस्त्रक्रिया पोहोचतच नाही तिथल्यासाठी हा पर्याय राखून ठेवतात.

पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारं फ्लुटामाइड हे औषध शस्त्रक्रियेआधी काही आठवडे देऊन गाठ लहान करण्याचे प्रयत्न झाले आहेत. वयात आलेल्या मुलांमध्ये थोडा फायदा दिसला, पण सर्वांमध्ये सारखा नाही, आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. गाठ नजरेच्या नसेला दाबत असती किंवा मेंदूपर्यंत गेली असती तर आम्ही याचा गंभीरपणे विचार केला असता. इथे मिळकत कमी होती.

उरली शस्त्रक्रिया. ती कुठल्या वाटेनं करायची, हा खरा प्रश्न. टाळूतून, वरच्या ओठाखालून चेहऱ्याची त्वचा उचलून, नाकाच्या कडेनं चीर देऊन, किंवा दुर्बिणीनं नाकातूनच. जबड्याच्या स्नायूंमागच्या जागेत गाठ फार बाहेरपर्यंत गेली असेल तर नुसत्या दुर्बिणीनं तिची कड हाताशी येत नाही. आमच्या गटात यावर मतभेद झाले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की ओठाखालून उघडलं तर गाठीला रक्त देणारी मॅक्सिलरी धमनी लवकर ताब्यात येईल. शेवटी स्कॅनवर मोजून पाहिलं, तर गाठीची बाहेरची कड गालाच्या सायनसची आतली आणि मागची भिंत काढून दुर्बिणीच्या टप्प्यात येत होती. ठरलं असं की सुरुवात दुर्बिणीनं करायची, आणि रक्तस्राव किंवा पोहोच यांपैकी काहीही हाताबाहेर गेलं तर ओठाखालून उघडायचं. त्याची संमती आधीच घ्यायची.

मुलानं या सगळ्या चर्चेत एकच प्रश्न विचारला: "चेहऱ्यावर टाके दिसतील का?" दुर्बिणीनं किंवा ओठाखालून, दोन्ही मार्गांनी बाहेर व्रण राहणार नाही हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा नीट बोलायला लागला. त्या वयात हा प्रश्न किती मोठा असतो, हे आपण मोठी माणसं फार लवकर विसरतो.

थांबण्याचे तीन आठवडे

हिमोग्लोबिन ८ असताना एवढी मोठी शस्त्रक्रिया करायची, रक्त चढवून लगेच करायची, की शिरेतून लोह देऊन थांबायचं? रक्तस्राव चालू नव्हता. आम्ही लोह देऊन तीन आठवडे थांबायचं ठरवलं. घरच्यांना सूचना दिल्या: नाक शिंकरायचं नाही, खेळ बंद, अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन द्यायचं नाही. घोळणा फुटलाच तर डोकं पुढे झुकवून बसवायचं, नाकाचा मऊ भाग दाबायचा, घशात येणारं रक्त गिळू न देता थुंकायला लावायचं, आणि थांबण्याची वाट न पाहता निघायचं.

दुसऱ्या आठवड्यात रात्री मोठा घोळणा फुटला. घरापासून रुग्णालय लांब होतं. पोहोचेपर्यंत रक्त बऱ्यापैकी थांबलं होतं, पण हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. रक्तस्राव थांबायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड दिलं, डोक्याकडची बाजू उंच ठेवली, एक पिशवी रक्त चढवलं. नाकात पॅक भरायची वेळ आली नाही. तिथून पुढे त्याला घरी पाठवलं नाही आणि शस्त्रक्रियेची तारीख अलीकडे आणली.

एम्बोलायझेशन

एम्बोलायझेशन म्हणजे गाठीला रक्त देणाऱ्या वाहिन्या आतून बंद करणं. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्रण, झाली. मांडीतल्या धमनीतून बारीक नळी मानेपर्यंत नेऊन मानेतून डोक्याकडे जाणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या आणि आतल्या कॅरोटिड धमन्यांची चित्रं घेतली. दोन्ही बाजू पाहणं आवश्यक असतं, कारण गाठ मध्यरेषेजवळ पोहोचली की समोरच्या बाजूनंही रक्त ओढते. इथे मुख्य पुरवठा उजव्या मॅक्सिलरी धमनीचा होता, थोडा घशाकडे चढणाऱ्या धमनीचा आणि किंचित डावीकडून. शिवाय उजव्या आतल्या कॅरोटिडची एक बारीक फांदी टेरिगॉइडच्या मुळाकडे जात होती.

बाहेरच्या कॅरोटिडच्या फांद्या सूक्ष्म कणांनी बंद केल्या. आतल्या कॅरोटिडची ती फांदी मुद्दाम सोडली. ही धमनी मेंदू आणि डोळ्याला रक्त देते. तिथे कण सोडताना एखादा मागे सरकला तर नजर जाऊ शकते किंवा पक्षाघात होऊ शकतो. ती फांदी बंद केल्यानं जेवढं रक्त वाचलं असतं, त्यासाठी हा धोका घेण्याजोगा नव्हता. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टनी पडद्यावर ती जागा दाखवली आणि सांगितलं, "उद्या रक्त इथून येईल." स्नायडरमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात एम्बोलायझेशननंतर उरणाऱ्या रक्तपुरवठ्याला स्वतंत्र महत्त्व दिलं आहे. ते का दिलं, हे दुसऱ्या दिवशी आम्ही पाहिलं.

रात्रभर त्याचा जबडा आणि गाल दुखत होता, थोडा ताप होता. पॅरासिटामॉलनं भागलं. रक्तपुरवठा तुटलेल्या गाठीत हे अपेक्षित असतं.

शस्त्रक्रिया

एम्बोलायझेशननंतर साधारण २४ ते ७२ तासांत शस्त्रक्रिया करतात. त्याहून उशीर झाला तर गाठ नव्या वाटांनी रक्त मिळवू लागते. डोकं थोडं उंच, रक्तदाब ठरवून खालच्या पातळीवर, वाहून जाणारं रक्त धुऊन परत देणारं यंत्र जोडलेलं, रक्ताच्या पिशव्या थिएटरमध्ये.

दोन सर्जन, दोन्ही नाकपुड्यांतून एकाच वेळी. पडद्याचा अगदी मागचा भाग काढून दुसऱ्या बाजूनंही हात जाईल अशी जागा केली. गालाच्या सायनसची आतली भिंत, मग मागची भिंत काढली. ती अंड्याच्या टरफलाइतकी पातळ झाली होती. तिच्यामागे मॅक्सिलरी धमनी क्लिप लावून बंद केली. बाहेरून आत, कडेनं गाठ सोडवत आलो. गाठीत शिरायचं नाही, तिच्या कडेनंच जायचं, हा नियम शेवटपर्यंत पाळला.

नाकामागची आणि सायनसमधली गाठ निघाल्यावर टेरिगॉइडच्या मुळाशी व्हिडियन नलिकेत, म्हणजे हाडातल्या एका बारीक वाटेत, तिचं एक शेपूट शिल्लक होतं, आणि रक्तही नेमकं तिथूनच यायला लागलं. इथे दोन टोकं असतात. हाड पूर्ण कोरून शेपूट काढलं नाही तर गाठ परत येते, आणि परत येणाऱ्या गाठी बहुतेक वेळा इथल्याच उरलेल्या भागातून वाढतात. पण हीच नलिका मागे सरळ आतल्या कॅरोटिडकडे जाते. कोमट सलाइननं धुवत, बायपोलरनं, म्हणजे विजेच्या चिमट्यानं, फांदी बंद करत, हिऱ्याच्या बरनं (हाड कोरण्याच्या ड्रिलनं) थोडं थोडं हाड कोरत गेलो. दिसणारं सगळं निघालं. त्यापुढचं मऊ ऊतक गाठीचं की नुसतं सुजलेलं, हे रक्ताच्या पार्श्वभूमीवर सांगता येईना. कॅरोटिडच्या जवळ ओळख न पटलेल्या ऊतकावर बर चालवायचा नाही, असं आधीच ठरलं होतं. तिथे थांबलो.

एकूण रक्तस्राव सुमारे ७०० मिलीलिटर झाला. आणखी एक पिशवी रक्त लागलं. ओठाखालून उघडावं लागलं नाही.

निकाल

पॅथॉलॉजीच्या अहवालात तंतुमय ऊतक आणि त्यात स्नायूंचा थर नसलेल्या पातळ रक्तवाहिन्या असंच वर्णन आलं. अँजिओफायब्रोमावर शिक्कामोर्तब झालं. मामांना तो अहवाल मुद्दाम वाचून दाखवला.

पाचव्या दिवशी तो घरी गेला. नाकात खपल्या धरत होत्या, म्हणून काही महिने रोज सलाइननं नाक धुवावं लागलं. उजवा गाल आणि टाळू बधिर होते, ते हळूहळू बरेच सुधारले. उजव्या डोळ्यात पाणी कमी येतं, कारण त्या नलिकेतून जाणारी, डोळ्यातल्या पाण्याशी संबंध असलेली व्हिडियन नस वाचवता आली नाही. त्यासाठी डोळ्यात थेंब घालावे लागतात. ही गोष्ट शस्त्रक्रियेआधी सांगितली होती, तरी मुलाला ती इतर सगळ्यापेक्षा जास्त त्रासाची वाटते. कानातलं पाणी नळी न घालता ओसरलं आणि ऐकू येणं पूर्ववत झालं. हिमोग्लोबिन तीन महिन्यांत १३ च्या वर गेलं.

तिसऱ्या महिन्यातल्या एमआरआयमध्ये टेरिगॉइडच्या मुळाशी काँट्रास्ट घेणारा लहान ठिपका दिसला. उरलेली गाठ असेल किंवा भरून येणारा व्रण. पुन्हा शस्त्रक्रिया, किरणोपचार की लक्ष ठेवणं? रक्त नव्हतं, लक्षणं नव्हती, ठिपका काही मिलीमीटरचा आणि कॅरोटिडला लागून. आम्ही लक्ष ठेवायचं ठरवलं, आणि ठिपका वाढला तर काय करायचं तेही त्याच बैठकीत ठरवून लिहिलं. सहा महिन्यांनी तो तेवढाच होता. वर्षानं किंचित लहान.

वेगळं काय करता आलं असतं

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांतच काँट्रास्टसह एमआरआय व्हायला हवा होता. व्रणाची सूज वाढण्याआधी घेतलेल्या चित्रात उरलेली गाठ बरीच ओळखता येते. तो असता तर तिसऱ्या महिन्यातला ठिपका नवा की जुना, हे ताडून पाहता आलं असतं आणि त्या कुटुंबाचे कित्येक महिने चिंतेत गेले नसते. आता आमच्याकडे हा स्कॅन शस्त्रक्रियेच्या नियोजनातच लिहिलेला असतो.

लोह देऊन थांबण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, पण रुग्णालयापासून लांब घरी थांबणं नाही. रक्तस्राव होऊन गेलेल्या मुलाला या काळात जवळपास राहण्याची सोय करून द्यावी, ते जमत नसेल तर रक्त चढवून शस्त्रक्रिया लवकर घ्यावी.

दहा महिन्यांचा उशीर मात्र आमच्याकडे येण्याआधीचा होता, आणि तो टळण्याजोगा होता. स्प्रे देऊन सहा-आठ आठवड्यांत एकाच बाजूचं नाक मोकळं होत नसेल, तर स्प्रे बदलण्याआधी दुर्बिणीनं मागे पाहावं. घोळणा जाळून परत फुटला, विशेषतः रक्त घशात उतरत असेल, तर तेच. हिमोग्लोबिनची साधी तपासणी घोळण्याच्या पहिल्या महिन्यात झाली असती तर भूलतज्ज्ञांना पडलेला प्रश्न पाच महिने आधी पडला असता. आणि मुलाला थेट विचारावं, आई बाहेर बसलेली असताना: सकाळी थुंकीत काही येतं का? या वयातली मुलं न विचारता सांगत नाहीत.

गाठ परत येत असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत दिसते. म्हणून तोपर्यंत दर सहा महिन्यांनी एमआरआय आणि दुर्बिणीची तपासणी, नंतर तारुण्य पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा, असं वेळापत्रक आहे. मुलं याच काळात शिकायला दुसरीकडे जातात आणि पाठपुरावा तुटतो. त्यामुळे स्कॅनच्या सीडी, अँजिओग्राफीचा अहवाल आणि एका पानाचा सारांश त्याच्याकडे दिला आहे. त्यात ठिपक्याची जागा, मोजमाप आणि नाकातून तुकडा काढू नये ही सूचना ठळक लिहिली आहे. पुढचा एमआरआय पुढच्या महिन्यात आहे.